मुकुट आमच्या घरी आला तेव्हा

माझ्या घरून कुणी उपाशी गेलं, असं फॉल रिव्हरमधलं एक तोंड म्हणणार नाही. म्हणून माझी सून कोरिन पहिल्यांदा नातीला घेऊन माझ्या टेबलाशी बसली, मी वाढलेली ताटली तिनं दोन बोटांनी बाजूला सारली आणि आपल्या पिशवीतून डबा काढला, तेव्हा मला वाटलं, हिनं माझ्या तोंडावर पाणी फेकलं असतं तरी चाललं असतं.

टेसा तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला दूध चालत नाही, अंडं चालत नाही, तीळ चालत नाहीत, आणि बदाम, अक्रोड, काजू ही सगळी बिरादरी तर दारात उभी राहिलेली चालत नाही. आणि आम्ही पडलो समुद्रापलीकडच्या बेटावरून इथं आलेली माणसं. आमचा गोड पाव म्हणजे अंडी, दूध आणि लोणी. पीठ घालायचं ते त्यांना एकत्र धरून ठेवायला. आमची तांदळाची खीर, आमचं चीज, आमची सणाची पुडिंगं, सगळीकडे गाय नाहीतर कोंबडी उभीच.

"आई, हे तिच्या अंगातच आहे. नखरे नाहीत," माझा मुलगा लिनो म्हणाला.

"आपल्या घराण्यात दूध कुणाला बाधलं नाही. तुझ्या बापाच्या गाई होत्या."

"गाईंचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. गाईंचा काय दोष?"

 कोरिन मेनकडची, वर उत्तरेची. तिकडची माणसं घराला आग लागली तरी तीन शब्दांत सांगतात. तिनं डबा उघडून मुलीला उकडलेलं गाजर दिलं. खांद्यावरची लाल पिशवी तशीच खांद्यावर. जेवताना खांद्यावर, भांडी पुसताना खांद्यावर, माझ्या सोफ्यावर बसली तरी खांद्यावर. आमच्यात पाहुणा पिशवी उतरवत नाही, म्हणजे तो उठायच्या तयारीत आहे. दर रविवारी माझी सून माझ्या घरात उठायच्या तयारीत बसायची.

पिशवीत इंजेक्शनची दोन पेनं असतात, पोरीचा श्वास कोंडला तर मांडीत टोचायची, हे मला ठाऊक होतं. ती लागतील कधी, हे मला खरं वाटत नव्हतं.

मग एका रविवारी माझी नणंद देओलिंदा आली. पावाला लोणी लावता लावता उठली, रुमालाला हात पुसले न पुसले केले आणि "अगं माझी बाहुली" म्हणत टेसाच्या गालावरून हात फिरवला. आम्ही सगळे बघत असताना त्या गालावर देओलिंदाची बोटं उठली. लाल, फुगीर, एकेक बोट मोजून घ्यावं अशी. पोरगी रडायला लागली. कोरिननं तिचा गाल धुतला, औषध पाजलं, आणि बराच वेळ तिचा श्वास ऐकत बसली, विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज ऐकावा तशी.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टरांच्या कागदातलं मला कळत नाही. पण पोराच्या गालावर लोण्याचा हात उठलेला दिसला, की मला परत सांगावं लागत नाही.

त्या दिवसापासून माझ्या घरात कायदा झाला.

आमच्याकडच्या बहुतेक घरांत असतात तशी माझ्याही घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. एक वर, पाहुण्यांनी बघायचं. एक तळघरात, खरं. चाळीस वर्षं मी तळघरात तळलं, उकडलं, भाजलं, आणि वरच्या चुलीवर लेसचा रुमाल घालून वर फळांची टोपली ठेवली. ती फळंसुद्धा मेणाची. आता मी रुमाल काढला, फळं उचलून ठेवली आणि वरचं स्वयंपाकघर टेसाला दिलं. नवी भांडी, नवे चमचे, नवं लाटणं. दूध आणि अंडं तळघराच्या जिन्याच्या वर चढणार नाही. चढवेल त्याला मी उतरवीन.

पावाचं पीठ नुसत्या बटाट्याच्या पाण्यात आणि ऑलिव्हच्या तेलात भिजवायचा प्रयोग सुरू केला. पहिले पाव आमच्या शेजाऱ्याच्या कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडले. हळूहळू पाव जमायला लागला. टेसानं पहिला बरा तुकडा चावला, चावत राहिली, आणि म्हणाली, "वावो, हा दगडासारखा आहे. अजून दे."

आमच्यात आजीला वावो म्हणतात. तिच्या तोंडून ते ऐकायला मी शंभर पाव भाजले असते.

तरी कोरिन पिशवी उतरवेना. वरचं स्वयंपाकघर बघायची, प्रत्येक डबा उचलून पाठीमागचं बारीक अक्षर वाचायची, मान हलवायची, "थँक यू, वावो" म्हणायची, आणि पिशवीचा पट्टा पुन्हा खांद्यावर सारखा करायची. मला राग यायचा. लिनोला म्हणायचे, "तुझ्या बायकोला सांग, त्या पिशवीचंही नाव ठेव म्हणावं. घरातलं एक माणूसच झालीय ती."

"आई, तू सांग ना."

"मी सांगितलं तर ती थँक यू म्हणेल."

मला तिची माफी नको होती, कौतुक नको होतं. मला एवढंच बघायचं होतं, की ही बाई माझ्या घरात एकदा पिशवी खाली ठेवते.

त्या सालच्या ईस्टरनंतर मुकुट आमच्या घरी आला.

पवित्र आत्म्याच्या सणाआधी सात आठवडे चांदीचा मुकुट घराघरांतून फिरतो. कुणाच्या घरी कुठला आठवडा, हे आदल्या सणाला टोपीतल्या चिठ्ठ्या काढून ठरतं. माझा नवरा एव्हारिस्तो जन्मभर त्या टोपीत नाव टाकत आला. कधी निघालं नाही. तो गेला त्याच्या पुढच्या साली लिनोनं बापाच्या आठवणीखातर चिठ्ठी टाकली, आणि निघाली. त्या माणसाचं सगळंच उशिरा. लग्नालासुद्धा उशिरा आला होता.

ज्या घरी मुकुट, त्या घरातलं एक मूल रविवारी चर्चमध्ये तो डोक्यावर घेतं. आमच्या घरात मूल एकच. पांढरा झगा मी शिवला. तरुणपणी गिरणीत कोटांच्या बाह्या लावून लावून माझी बोटं वाकडी झालीत, पण टाका अजून सरळ पडतो.

कोरिन झग्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लहानपणी मला असं काहीच नव्हतं. आमच्याकडे वाढदिवसाला दुकानातला केक, आणि लगेच झोपायचं."

"मग तिला घेऊ दे की मुकुट."

"किती लोक येतील?"

"सगळे."

तिनं डोळे मिटले. मी म्हणाले, "मी आहे ना."

हे मी म्हणाले होते. विसरलेली नाही.

बैठकीच्या खोलीत मी पायऱ्यांचा देव्हारा मांडला. पांढरं कापड, कागदी फुलं, खरी फुलं, मेणबत्त्या, आणि सगळ्यांत वर मुकुट. मुकुटाच्या शेंड्यावर पंख पसरलेलं चांदीचं कबूतर, म्हणजे आमचा पवित्र आत्मा. रोज संध्याकाळी शेजारपाजारचे जमायचे, माळेची प्रार्थना व्हायची, शेवटी एकेक जण पुढे येऊन कबुतराला ओठ लावायचा, आणि मग सगळे तळघरात जेवायला. गोड पाव, चीज, लसणातल्या शेंगा, खीर, वाईन, सगळं खाली. वर एक कणही नाही. जिन्याच्या तोंडाशी मी बादली, साबण आणि टॉवेल ठेवला. वर यायचं तर हात धुवून.

"वहिनी, हे घर आहे की ऑपरेशनची खोली?" देओलिंदा म्हणाली.

"ऑपरेशनच्या खोलीत तुझ्यासारखीला घेतच नाहीत. कोपरापर्यंत धू."

"देवानं दिलेलं दूध, त्याला एवढं घाबरायचं?"

"देवानं विंचूही दिलाय. घालतेस का पोलक्यात?"

हसत हसत सगळ्यांनी हात धुतले. फरनांडिसांचा म्हातारा, ज्यानं आपल्या बायकोचं कधी ऐकलं नाही, तोही नखं घासत होता. कोरिन खोलीच्या मागच्या भिंतीशी उभी राहून हे बघायची. खांद्यावर लाल पिशवी, पुढ्यात टेसा. पोरगी रोज विचारायची, "मी कधी पक्ष्याला पापी देऊ?" आणि कोरिन म्हणायची, "बघू." सोमवार गेला, मंगळवार गेला, एकेक संध्याकाळ नीट पार पडत गेली. पोरीच्या अंगावर एक पुळी नाही. गुरुवारी कोरिन भिंतीपासून सुटून खुर्चीवर बसली. शुक्रवारी देओलिंदाशी बोलताना मी तिला ऐकलं. ती आपल्या आईबद्दल काहीतरी सांगत होती, तीन शब्दांपेक्षा जास्त शब्दांत.

शनिवारी पाऊस होता. तो शेवटचा दिवस, म्हणून गर्दीही जास्त. भिजलेले कोट माझ्या पलंगावर ढिगानं पडले. प्रार्थना सांगायला येणारे ओरासियो अण्णा पुलावरच अडकले. पुढे दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या होत्या म्हणे. अर्धा तास गेला, तास गेला. पोरं रडायला लागली, म्हातारे खुर्चीत चुळबुळायला लागले. तळघरातून पावाचा वास वर येत होता.

"वहिनी, लोकांना असंच बसवून ठेवणार?" देओलिंदा माझ्या कानाशी म्हणाली.

माझ्या घरात लोक उपाशी बसलेत, हे मला सोसण्यातलं नाही. मी म्हणाले, "चला खाली. आधी खाऊन घ्या. मग प्रार्थना. पवित्र आत्मा काही घाईत नाही."

सगळे गेले, जेवले, तृप्त होऊन वर आले. बादलीशी रांग लागली. एकालाही मी हात धुतल्याशिवाय आत सोडलं नाही. दारात उभी राहून प्रत्येकाचे हात पालथे-उताणे बघितले, शाळेतल्या बाईसारखे.

कोरिन वरतीच होती. टेसाला तिनं माझा बटाट्याचा पाव भरवला होता. मी तिच्याजवळ आले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "वरती काहीच आणलं नाही ना कुणी?"

"जमीन चाटलीस तरी चालेल," मी म्हणाले.

आणि ती हसली. तोंडावर हात न घेता, दात दिसतील अशी. एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं, की तिच्या एका दाताचा कोपरा तुटलेला आहे. हसता हसता तिनं मान वाकवली, डोक्यावरून पट्टा काढला आणि पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं. प्रार्थनेच्या वेळी माझे ओठ माळेवर होते आणि डोळे तिच्या मोकळ्या खांद्यावर.

ओरासियो अण्णा धापा टाकत आले होते. त्यांना टेकायला जागा हवी म्हणून देओलिंदानं खुर्ची रिकामी केली. प्रार्थना झाली. एकेक जण पुढे येऊन कबुतराला ओठ लावून जात होता. फरनांडिसांचा म्हातारा, त्याची बायको, देओलिंदा, तिच्या सुना, पोरंटोरं. शेवटी टेसानं आईचा हात ओढला. "आता मी?"

कोरिननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं स्वतः पोरीला उचललं, वर धरलं. टेसानं चांदीच्या चोचीला दोन्ही हातांनी धरून ओली, मोठी, चुप्प आवाजाची पापी दिली. सगळी खोली हसली. ओरासियो अण्णा म्हणाले, "आज कबूतर खूश झालं."

टेसाला खाली ठेवली. ती ओठ पुसायला लागली. पुन्हा पुसले. मग खोकली.

मी अजून हसतच होते. कोरिन नव्हती. तिनं पोरीची हनुवटी वर केली, आणि तिचा हात आपोआप आपल्या खांद्याकडे गेला. तिथं काही नव्हतं.

तो हात मला अजून दिसतो. रिकाम्या खांद्यावर चाचपणारा.

"पिशवी," ती म्हणाली. "पिशवी कुठाय?"

खुर्चीवर ओरासियो अण्णा. ते बिचारे उठून आपल्याच खाली बघायला लागले. टेसाचा वरचा ओठ सुजून नाकाला लागायला आला होता, गळ्यावर पट्टे उठले होते, आणि खोकल्याचा आवाज बदलत होता. लिनो टेबलाखाली शिरला. मी देव्हाऱ्याचं कापड वर करून बघितलं, का ते मला माहीत नाही. देओलिंदा भिंतीला टेकून उभी होती, पांढरी फटक. मग ती म्हणाली, "मी पलंगावर ठेवली. सामानाबरोबर."

माझ्या पलंगावर कोटांचा डोंगर. अख्ख्या गल्लीचे ओले कोट. कोरिननं ते कोट जसे फेकले, तसं मी कुणालाही काही फेकताना बघितलेलं नाही. लाल पट्टा दिसला. ती धावत आली, जमिनीवर बसली, पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि पांढऱ्या मोज्यावरूनच मांडीत पेन खुपसून धरलं. ओठ हलत होते. तिनं मोजलं असावं. टेसा किंचाळली. ती किंचाळी ऐकून मला बरं वाटलं, कारण किंचाळायला श्वास लागतो.

अँब्युलन्स आली. पाऊस होताच. मागं बैठकीच्या खोलीत मेणबत्त्या जळत होत्या आणि लोक हात बांधून उभे होते. धुतलेले हात.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काही नाही," कोरिन म्हणाली. "घरचा पाव. रोज खाते तोच."

"अजून काही?"

"काहीच नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हातारीनं काहीतरी भरवलं असणार, असं त्याच्या डोळ्यांत लिहिलेलं मला तिसरीच्या शिक्षणावरही वाचता आलं. मी म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? माझं वरचं स्वयंपाकघर तुझ्या या खोलीपेक्षा स्वच्छ आहे."

टेसाला औषधांनी उतार पडला होता. ओठ अजून जाड. ती पडल्या पडल्या बोबडं बोलली, "पक्ष्याला चीजचा वास येत होता."

 मी एकेक तोंड आठवलं. फरनांडिसांच्या म्हाताऱ्याच्या मिशा. देओलिंदाचे खिरीनं चकचकणारे ओठ. आधीचे सगळे दिवस आधी प्रार्थना, मग जेवण. त्या दिवशी आधी जेवण. हात मी कोपरापर्यंत धुवून घेतले. तोंड कुणाचंच नाही. आमच्या लोकांना कबुतराला ओठ लावणं म्हणजे श्वास घेण्यासारखं. श्वास कोण धुतो?

कोरिन खुर्चीत बसली होती. तिनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "मीच उचललं तिला."

तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. म्हणायला हवं होतं, तू नाहीस, अगं, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं हे, आणि जेवायला खाली मीच पाठवलं. माझी जीभ नको तिथं धावते आणि हवी तिथं बसून राहते. मी म्हणाले, "त्या देओलिंदाला पिशवी हलवायला कुणी सांगितलं होतं?"

कोरिननं वर बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, दूरच्या माणसाकडे बघतात तसं. "ठेवली मीच होती, वावो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुकुट चर्चमध्ये न्यायचा होता. झगा दारामागच्या खिळ्याला टांगलेला राहिला. मुकुट देओलिंदाच्या नातीनं घेतला. द्यायच्या आधी मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून कबूतर पुसलं. चोच, पंख, पंखांखालच्या रेघा. ओरासियो अण्णा म्हणाले, "लिओनिल्डा, पवित्र आत्म्याला साबण?"

"त्याला नाही. आपल्याला," मी म्हणाले.

पुढच्या घरांत त्यांनी पुसलं की नाही, मी विचारायला गेले नाही. माझं पोर तिथं जाणार नव्हतं.

मला वाटलं होतं, कोरिन आता यायची नाही. ती आली. पुढच्याच रविवारी आली, आणि त्याच्या पुढच्याही. भांडली असती तर मी भांडले असते. भांडायला मला दोन्ही भाषा येतात. ती भांडली नाही. माझ्या वरच्या स्वयंपाकघराला नावं ठेवली नाहीत. फक्त पुन्हा डबा आला. पुन्हा वेगळी ताटली, वेगळा चमचा, आपल्या घरून आणलेला. माझा बटाट्याचा पाव ती कागदात बांधून नेते, "घरी खाईल" म्हणते. खाते की नाही, मी विचारत नाही. ती टेसाच्या खुर्चीमागं उभी राहते, पिशवी छातीवरून आडवी, पट्टा घट्ट. तो तुटका दात मी पुन्हा बघितलेला नाही.

आणि टेसा पापी घेऊ देत नाही.

आमच्याकडे माणूस दारातून आत येतं ते गालाला गाल लावत, जातं तेही तसंच. त्या आधी टेसा धावत यायची आणि माझ्या दोन्ही गालांवर, नाकावर, चष्म्यावर, मिळेल तिथं ओठ टेकवायची. आता दारातच थांबते. सगळे वाकले की हात पुढे करते, ट्रॅफिक थांबवायला पोलीस करतो तसा. देओलिंदा एकदा त्या हाताला न जुमानता वाकली. पोरगी खुर्चीमागं जाऊन बसली आणि तोंड झाकून घेतलं. देओलिंदा माझ्या तळघरात जाऊन रडली. रडू दे म्हटलं. मग मीही खाली गेले, आणि तिला कॉफी करून दिली.

पोरीला कुणी शिकवलं नाही हे. तिचं तिनं काढलं. तोंडं धोक्याची असतात.

तेव्हा मी दूध सोडलं. अंडं सोडलं, चीज सोडलं, गोड पाव सोडला. बदाम तसेही दातांना झेपत नव्हते. कुणाला सांगितलं नाही. या वयात बाईनं खाणं सोडलं की लोक एकतर आजार शोधतात, नाहीतर नवस. देओलिंदानं एकदा काळी कॉफी बघून विचारलं, "बारीक होतेयस की काय? कुणासाठी?"

"तुझ्या मेलेल्या भावासाठी. वर गेल्यावर ओळखू नये त्यानं."

आमच्या बेटावरचं चीज मी आयुष्यभर रोज खाल्लं. दुकानात ते कापताना आता मी दुसरीकडे बघते.

एका रविवारी टेसाला सांगितलं. तिच्या उंचीला बसून, हात मागं ठेवून. "मी आता ते काहीच खात नाही. तुला चालत नाही ते."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"चीजसुद्धा?"

"सुद्धा."

तिनं विचार केला. घाई केली नाही. त्या बाबतीत आईवर गेलीय. मग म्हणाली, "मी दर वेळी विचारीन."

आणि विचारते. दारातून आली की कोट काढायच्या आधी, पाद्र्यापुढं कबुलीला बसावं तशी मी स्टुलावर बसते आणि ती पुढं उभी राहते. सकाळी काय खाल्लंस? दुपारी काय? आणि मध्ये? 'आणि मध्ये' ती कधी विसरत नाही. मी सांगते. कित्येक रविवार ती ऐकून नुसती मान हलवत होती. मग एकदा जवळ आली आणि माझ्या बाहीवर नाक टेकवून वास घेतला. त्याच्या पुढच्या खेपेला बोट माझ्या गालाला लावून बघितलं, आणि बोटाकडे बराच वेळ बघत बसली, काही उठतं का ते.

परवाच्या रविवारी ती आली तेव्हा मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आज ती ठरवून आली होती. गाडीतच आईला म्हणाली होती म्हणे, लिनोनं नंतर सांगितलं, "आज मी वावोला देणार आहे."

कोरिन दारात उभी. पिशवी खांद्यावर.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काळी कॉफी. आणि तुझ्या पावाचा तुकडा."

"दुपारी?"

"बटाटे, कोबी, मासा."

"आणि मध्ये?"

मी "काही नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि मला तो चमचा आठवला.

देओलिंदाच्या पणतूचा बाप्तिस्मा होता. मोठ्या पातेल्यात खीर तिला झेपत नाही, म्हणून चर्चच्या तळघरात सकाळी मी ढवळून दिली. साखर बरोबर आहे का बघायला चमचा ओठांना लावला. जन्मभर लावत आले तसा. हाताला विचारायला वेळच नव्हता. त्यावर मी पाणी प्यायले होते, घरी येऊन तोंड धुतलं होतं, जेवले होते. सकाळची गोष्ट. एवढ्याशा चमच्याची. कुणी बघितलंही नव्हतं.

पोरगी वाट बघत होती. चवड्यांवर थोडी उभी राहिली होती, गालापर्यंत पोचायला.

"मी चमचा चाटला," मी म्हणाले. "दुधाच्या खिरीचा. सकाळी."

तिच्या टाचा जमिनीला टेकल्या.

"का?"

"विसरले."

"पण धुतलंस का तोंड?"

"धुतलं."

तिनं आईकडे बघितलं. कोरिननं पिशवीचा पट्टा सारखा केला. टेसा पुन्हा माझ्याकडे वळली.

"मग आज नको," ती म्हणाली.

"आज नको," मी म्हणाले.

"पुढच्या रविवारी चमचा चाटू नकोस."

"नाही चाटणार."

ती आत गेली, आपल्या खुर्चीवर चढली आणि डबा उघडायला लागली. मी स्टुलावरून लगेच उठले नाही. गुडघ्यांचं निमित्त केलं. कोरिन दारातच होती. मला वाटलं ती आता थँक यू म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी काय केलं असतं देव जाणे. ती म्हणाली नाही. माझ्याजवळून जाताना थांबली, कोपराला धरून मला उठवलं. मग खांद्यावरची पिशवी त्या खांद्यावरून या खांद्यावर घेतली आणि पोरीच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.